चार जानेवारी १९८०, सदर बाजार

रायपूरच्या मालवीय रोडनं चालत कोतवालीपर्यंत या आणि सदर बाजाराच्या तोंडाशी थांबा. आता समोरच्या दुकानांवरची एकेक गोष्ट मनानं उतरवत चला. काउंटरवर चिकटवलेले क्यूआर कोडचे कागद काढा. एलईडीच्या पाट्या काढा आणि त्या जागी रंगाऱ्यानं ब्रशनं रेखलेली अक्षरं येऊ द्या. गर्दीतल्या स्कूटींऐवजी लूना, चेतक आणि सायकलरिक्षा येऊ द्या. कोपऱ्यावर एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी दिसली, की समजा पोहोचलात.

आज शनिवार, १ जानेवारी २०००. सकाळचे साडेदहा वाजलेत. रायपूर अजून मध्य प्रदेशात आहे. छत्तीसगड राज्य व्हायला दहा महिने बाकी आहेत. हवेत गारठा आहे. सराफ्यातली दुकानं उघडताहेत, पायऱ्यांवर पाणी पडतंय, आतून उदबत्तीचा वास येतोय. रात्री टीव्हीवर जगभरची आतषबाजी दाखवली, कुठं विमान पडलं नाही, कुठं वीज गेली नाही, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तुम्ही मात्र अजून टाकलेला नाही. कारण सदर बाजारातले कॉम्प्युटर काल संध्याकाळी बंद झालेत आणि ते आत्ता सुरू होणार आहेत.

तुम्ही वीस वर्षांचे आहात. घर तात्यापाऱ्यात, शिक्षण सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, तिसरं वर्ष. खांद्याला शबनम, शबनममध्ये दहा फ्लॉप्यांचा प्लास्टिकचा डबा आणि दोनशे पानी वही. वहीत सदर बाजारातल्या अकरा दुकानांची नावं आहेत. प्रत्येकापुढे तिथलं मशीन, डॉसची आवृत्ती, बायोसची तारीख, आणि तुम्ही कोणता प्रोग्राम कधी देऊन आलात, हे सगळं लिहिलेलं आहे. या कामाचे पैसे तुम्ही घेत नाही. चहा घेता.

पहिल्याच दुकानातून हाक येते. "अरे बाबू, इकडे ये बरं. पाह्य, हे काय होऊन राह्यलं!"

मुनीमकाका तुमच्याच भाषेतले. चाळीस वर्षं या गादीवर बसून त्यांची मराठी अर्धी हिंदी आणि थोडी छत्तीसगडी झालीय. पांढऱ्या गादीच्या कडेला लाकडी टेबल, त्यावर ३८६ मशीन. मॉनिटरच्या कपाळावर दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून आहे, कारण बहीखात्यांच्या शेजारी याचीही पूजा झाली होती. बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पडद्यावर एक ओळ थांबलीय: आजची तारीख, शुक्रवार, ०१-०४-१९८०.

"एक एप्रिल?" काका विचारतात.

नाही काका. मशीन चालवणारं डॉस अमेरिकेच्या रीतीनं महिना आधी लिहितं. ही चार जानेवारी आहे, १९८० ची. ज्या वर्षी हे मशीन जन्मलंही नव्हतं.

गादीसमोर एक बाई उभ्या आहेत, गावाकडच्या. पदराच्या गाठीत घट्ट बांधलेले पैसे आहेत आणि हातात एक चुरगळलेली पावती. आषाढात, धानाच्या रोपणीच्या मजुरीसाठी त्यांनी सोन्याची पुतरी गहाण ठेवून पाच हजार घेतले होते. आता धान विकून झालाय, पुतरी सोडवायचीय. छत्तीसगडात गहाणाचं चक्र असं धानाबरोबर फिरतं. जुलैत दागिना बाजारात येतो आणि पौषात घरी परततो. दोन रुपये शेकडा व्याज, महिन्याला शंभर, सहा महिन्यांचे सहाशे. त्यांनी ते बोटांच्या पेरांवर केव्हाच मोजलेत.

मशीन वेगळं मोजतं. जुलै १९९९ पासून जानेवारी १९८० पर्यंत उणे २३४ महिने. व्याज उणे २३,४००.

"का होगे, भैया?" बाई विचारतात. आवाजात भीती आहे. मशीननं काही सांगितलं म्हणजे ते आपल्याच अंगावर येणार, हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे.

काका चष्मा कपाळावर सारतात, लाल बही उघडतात आणि क्षणात सांगतात, पाच हजार सहाशे. बाई गाठ सोडतात. त्यांची पुतरी त्यांना मिळते. हा हिशेब तर तोंडी झाला. खरा धोका पुढे आहे. दुपारपर्यंत वीस नवे गहाण येतील, आणि प्रत्येकाची नोंद १९८० सालात पडेल. एकदा चुकीच्या तारखेची नोंद फाइलीत गेली, की ती वर्षभर कुणाच्या नजरेस येणार नाही. मग एका पौषात कुणीतरी पावती घेऊन येईल, आणि तिच्यावर वीस वर्षांचं व्याज चढलेलं असेल.

डबा उघडा. निळी फ्लॉपी काढा.

ती आत सरकवण्याआधी काकांना काय झालंय ते सांगा. त्यांना कळेल, आयुष्यभर त्यांनी बहीत साल दोनच आकड्यांत लिहिलंय. १९८४ साली आयबीएमनं एटी मॉडेल काढलं तेव्हा त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ बसवलं. त्या घड्याळाच्या चिपमध्ये वर्षाला दोनच आकडे आहेत. शतक वेगळ्या खणात ठेवलेलं असतं, ३२ क्रमांकाच्या, आणि चिपला त्या खणाची खबरच नसते. रात्री बारा वाजता ९९ चे ०० झाले, खणातले १९ तसेच राहिले. सकाळी मशीननं वाचलं १९००. डॉसला १९८० च्या आधीचं जग माहीत नाही, म्हणून ते गोंधळून चार जानेवारी १९८० वर जाऊन थांबलं.

तुमचा प्रोग्राम एवढासा आहे, ५१२ बाइट्सच्या एका सेक्टरमध्ये मावणारा. दिवाळीच्या सुट्टीत डॉससोबतच येणाऱ्या डीबग नावाच्या साधनात तुम्ही तो ओळ-ओळ करून टाइप केलात. तो ७० क्रमांकाच्या पोर्टवर खणाचा नंबर सांगतो, ७१ वरून आतला आकडा वाचतो. वर्ष ऐंशीच्या आत आणि शतक १९ असेल, तर १९ पुसून २० लिहितो. पहिल्यांदा तुम्ही एवढंच केलंत आणि तारीख तरीही चुकीचीच राहिली. दोन रात्री डोकं खाजवल्यावर उमगलं, की डॉस सुरू होतानाच घड्याळ बघून घेतं आणि नंतर आपल्याच मनातल्या तारखेवर चालतं. घड्याळ दुरुस्त केल्यावर डॉसलाही ते सांगावं लागतं. दुसऱ्या आवृत्तीत ते सांगितलं.

कॉपी करा. ऑटोएक्झेक बॅट फाइलीत पहिली ओळ म्हणून त्याचं नाव टाका. मशीन बंद करा, दहा मोजा, सुरू करा. शनिवार, ०१-०१-२०००. काका पडद्याला हात जोडतात. चहा येतो.

चहा निवेपर्यंत डब्यातल्या बाकीच्या फ्लॉप्यांकडे बघा. प्रत्येकीत तुम्हाला मागं नेणारं एक दार आहे.

ही जुनी सव्वापाच इंची, वाकणारी, ३६० केबीची. तिच्या कडेची खाच चिकटपट्टीनं बंद केलीय, म्हणजे तिच्यावर कुणी लिहू शकणार नाही. साडेतीन इंचीला नेमकं उलट, खिडकी उघडी असेल तर ती सुरक्षित. हा फरक तुम्ही प्रत्येक दुकानात दोनदा सांगता. कारण ही फ्लॉपी तुम्हाला ५ जानेवारीच्या सकाळी घेऊन जाते, नव्वदीच्या सुरुवातीच्या कुठल्याही वर्षीच्या. मशीन थिजलंय आणि पडद्यावर हुकूम आलाय, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. १९९० साली भारतात सापडलेला जोशी व्हायरस. मराठी घरांत या नावानं हसू येई, पण ज्याची हार्ड डिस्क त्याच्या तावडीत होती त्याला हसू येत नव्हतं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केलं तरी तो मेमरीत टिकून राहायचा. बटणापासून वीज तोडायची, चिकटपट्टी लावलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं आणि मग त्याला काढायचं, हा क्रम कुणीतरी समोर बसून शिकवावा लागे. त्याच काळात पुण्यात कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांची आजारी मशीनं बघून त्यांचे धाकटे भाऊ संजय व्हायरस काढणारे छोटे प्रोग्राम लिहू लागले. क्विक हील हे नाव त्यातून आलं. सुरुवात दुरुस्तीच्या टेबलावरच झाली होती.

ही दुसरी, हिच्यावर लिहिलंय 'परत आणा'. हिच्यात पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम आहे. हिच्यावर तुमचा फार जीव आहे, कारण ती लोकांना हसवते आणि रडवतेही. डॉस फाइल पुसतं तेव्हा खरं तर पुसत नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथं ई५ ही खूण ठेवतं आणि जागा रिकामी झाल्याचं मांडतं. मजकूर जिथल्या तिथं असतो. पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली हे ओळखून फाइल परत आणणारं साधन विकायला काढलं. मायक्रोसॉफ्टनं ते १९९१ च्या डॉस ५ मध्ये दिलं. ज्यांच्याकडे त्याहून जुनं डॉस होतं त्यांच्यासाठी कुणी ना कुणी फुकट प्रोग्राम लिहिला. तो वापरताना मशीन तुम्हाला विचारतं, पहिलं अक्षर कोणतं होतं? एका दुकानात वर्षभराची उधारी पुसली गेली होती. तिथं शेठजींनी थरथरत ते एक अक्षर सांगितलं आणि सगळी फाइल उभी राहिली. त्या दिवशी तुम्ही ठरवलंत की हेच करायचं.

तिसरीत दाबून ठेवलेल्या फाइली उलगडणारा आणि लांबलचक मजकूर पानापानानं दाखवणारा प्रोग्राम आहे. या परंपरेचं मूळ १९८२ च्या अमेरिकेत आहे. अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी मोडेमसाठी लिहिलेला पीसी-टॉक आणि जिम नॉफ यांनी नोंदी ठेवण्यासाठी लिहिलेला पीसी-फाइल हे दोन्ही प्रोग्राम त्यांनी लोकांना वाटायला मोकळे सोडले. आवडलं तर पैसे पाठवा, मित्रांना द्या, असं सांगितलं. रायपूरहून डॉलर पाठवणं सोपं नव्हतं, पण दुसरी अट आपल्या लोकांनी मनापासून पाळली.

वाटायचं कसं? व्हीएसएनएलनं सामान्य माणसासाठी इंटरनेट उघडलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी मोठ्या शहरांत. त्यापूर्वी फोनच्या तारेवर बुलेटिन बोर्ड होते. बर्लिनमध्ये जन्मलेले अतुल चिटणीस बंगळूरला १९८९ पासून असाच एक बोर्ड चालवत. १९९६ साली पीसीक्वेस्ट मासिकानं वाचकांच्या हातात लिनक्सची सीडी ठेवली, त्यामागंही चिटणीस होते. रायपूरहून बंगळूरला एसटीडी लावून फाइल उतरवायची, तर बिलात महिन्याचा किराणा जायचा. म्हणून इथं सगळं हातोहात आलं. नागपूरहून गाडीनं येणाऱ्या मावसभावाच्या पिशवीत, मासिकाच्या पाकिटात, टपालातल्या पुठ्ठ्यात. मग तुम्ही एकाच ड्राइव्हच्या मशीनवर रात्री डिस्ककॉपी करत बसलात. आधी मूळ फ्लॉपी घाला, मग कोरी घाला, परत मूळ घाला. एका प्रतीसाठी चार वेळा अदलाबदल. डॉस ६.२ आलं तेव्हा मधला मजकूर हार्ड डिस्कवर ठेवून ही कसरत संपली, आणि तुम्हाला सण वाटला.

डब्यात पाचव्या क्रमांकावर नव्या विचाराची फ्लॉपी आहे. २९ जून १९९४ ला जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं जाहीर केलं, की मायक्रोसॉफ्ट डॉसचा शेवट करणार असेल तर आपण सगळे मिळून मोकळं डॉस लिहू. आधी त्यानं स्वतःचे छोटे प्रोग्रामच पुढे ठेवले आणि हाक दिली. तेच पुढे फ्रीडॉस झालं. तिथं फुकटपणाच्या पलीकडची एक गोष्ट होती, प्रोग्रामचा मूळ मजकूरही हातात देण्याची. लेखक थकला, मेला, विसरला, तरी दुसऱ्याला काम पुढं नेता यावं.

चहा संपला. वहीत खूण करा. पुढचं दुकान.

चौथ्या दुकानात तुम्ही हरता. घड्याळ बरोबर झालं, डॉस २००० दाखवतं, आणि हिशेबाचा प्रोग्राम तरीही व्याज उणे काढतो. तो क्लिपरमध्ये लिहिलाय, वर्षाचे दोनच आकडे विचारतो, आणि ०० म्हणजे १९०० असं समजतो. क्लिपर ५ मध्ये यावर एका ओळीचा उपाय आहे, दोन आकडे कोणत्या सालापासून मोजायचे ते सांगणारा. पण ती ओळ मूळ मजकुरात घालायची असते. मूळ मजकूर ज्यानं लिहिला तो माणूस गाव सोडून गेलाय. शेठजींकडे नुसता चालणारा प्रोग्राम आहे.

"तो फिर आपका प्रोग्राम काम नहीं किया," शेठजी म्हणतात.

इथं गप्प बसायचं नाही, आणि वादही घालायचा नाही. शबनममधून तो कागद काढा. प्रत्येक फ्लॉपीच्या पाकिटात तुम्ही एक कागद घालता. रीडमी फाइल डिस्कवर असतेच, पण ती रोमन अक्षरांत. मशीनवर देवनागरी हवी तर पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागतं, आणि ते या बाजारात तुमच्या अकरा दुकानांपैकी एकातही नाही. म्हणून तुम्ही हातानं लिहिता, डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी. वर प्रोग्रामचं नाव आणि आवृत्ती. मग तो काय करतो. मग, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तो काय करत नाही. दुसऱ्या ओळीत लिहिलंय, 'हा प्रोग्राम घड्याळ सुधारतो. तुमचा हिशेबाचा प्रोग्राम सुधारत नाही. १ जानेवारीला एक जुना गहाण उघडून व्याज ताडून बघा.' खाली तुमचं नाव, तात्यापारा, रायपूर, म. प्र., आणि शेजारच्यांचा फोन नंबर, संध्याकाळी सातनंतर.

शेठजी ती ओळ वाचतात. पुन्हा वाचतात. तुम्ही म्हणता, आज नव्या नोंदी बहीतच करा, मशीनवर नको; तो माणूस जिथं गेलाय तिथं जाऊन मूळ मजकूर मिळतो का ते मी बघतो. ते खाली बघत मान हलवतात आणि म्हणतात, "बैठो, चाय पियो."

सराफ्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सोन्याच्या हॉलमार्कची सरकारी योजना यायला अजून तीन महिने आहेत. तोवर दागिन्याला एकच आधार आहे, त्याच्या पाठीवर दुकानानं मारलेली बारीक छाप. वीस वर्षांनी ती छाप घेऊन कुणी पायरी चढलं, तर दुकानदाराला म्हणावं लागतं, हो, हा माझा माल. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या क्षणासाठी असतो. फुकट दिलेल्या प्रोग्रामलाही हीच छाप लागते. देताना पैसे घेतले नाहीत, म्हणून नंतर तोंड फिरवण्याची मुभा मिळत नाही. उलट, ज्यानं विकत घेतलं त्याच्याकडे निदान बिल असतं. ज्यानं फुकट घेतलं त्याच्याकडे फक्त तुमचा शब्द असतो. पाकिटातला कागद म्हणजे तो शब्द.

आता दोन महिने पुढे चला. मंगळवार, २९ फेब्रुवारी २०००. शंभरानं भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण चारशेनं जात असेल तर असतं. हा दुसरा अर्धा नियम विसरलेले प्रोग्रामही असतात आणि आज ते १ मार्च दाखवतील. कुणी बोलावलेलं नाही. तरी तुम्ही वही घेऊन निघालात, अकराही दुकानांच्या पायऱ्या चढायला. चौथ्या दुकानात क्लिपरचा प्रोग्राम बरोबर चालतोय. मूळ मजकुराची फ्लॉपी एका ट्रंकेत सापडली होती, ती एक ओळ घातली गेली.

शेवटी मुनीमकाकांकडे या. ते मशीनकडे न बघता बहीचं पान तुमच्यापुढे फिरवतात. आजच्या तारखेखाली, रोकडीच्या वरच्या ओळीत, त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, '२९-२-२०००. घड्याळ बरोबर. जुना गहाण ताडला, व्याज बरोबर.' तुम्ही यायच्या आत त्यांनी कागदावरची सूचना पाळली होती.

"एक काम होतं," काका म्हणतात. "धमतरीला माझा भाचा आहे, त्याच्या शेठकडे असंच जुनं मशीन. त्याला एक फ्लॉपी देऊ नं? कॉपी मी शिकलो. आणि हा कागद पण उतरवून घेतला."

ते कागद दाखवतात. तुमचं सगळं जसंच्या तसं आहे, काय करतो, काय करत नाही, तात्यापारा, सातनंतर. त्याखाली एक ओळ जास्त आहे. काकांचं नाव, सदर बाजार, दुकानाचा फोन, 'दिवसा केव्हाही'.

तो कागद हातात धरून दुकानाबाहेर या. बाजार हळूहळू आपल्या वर्षाकडे परतू द्या. सायकलरिक्षा विरू द्या, पीसीओची पाटी उतरू द्या. फ्रीडॉस अजून चालू आहे. २०२५ साली त्याची १.४ आवृत्ती आली, आणि अनोळखी माणसांच्या जुन्या मशीनांसाठी अनोळखी माणसं ती अजून सांभाळताहेत. डॉसच्या फाइलींवरच्या तारखेत वर्षाला सात बिट आहेत, त्यामुळं १९८० पासून मोजलं तर २१०७ पर्यंत तिला काळजी नाही.

हातातला कागद एकदा नीट बघा. 'म. प्र.' वर एक रेघ मारलीय आणि शेजारी 'छ. ग.' लिहिलंय. ते अक्षर तुमचं नाही. १ नोव्हेंबर २००० ला राज्य झालं, आणि धमतरीच्या पुढच्या कुणाला तरी देताना काकांनी पत्ता सुधारून ठेवला होता. विचारायला येणारा चुकू नये म्हणून.